योगाभ्यास करणाऱ्याचा अहंकार

योगवर्गात शवासनाच्या सूचना देताना, प्रवचनाच्या शेवटी आणि घरातले भांडण मिटवतानाही एकच सल्ला हमखास दिला जातो: अहंकार सोडा. सल्ला देणारी व्यक्ती बहुधा मनापासून बोलत असते आणि ऐकणाराही मान डोलावतो. परंतु नेमके काय सोडायचे, ते कोणी सोडायचे आणि सोडल्यावर मागे कोण उरायचे, हे प्रश्न तसेच राहतात. गेली अनेक वर्षे आसन-प्राणायामाचा अभ्यास करताना आणि त्याच्या जोडीने एका छोट्या अभ्यासगटात पातंजल योगसूत्रे व्यासभाष्यासह, म्हणजे व्यासांनी त्यांवर लिहिलेल्या विवरणासह, वाचताना माझ्या मनात हे प्रश्न वारंवार आले. सूत्रांमध्ये त्यांचे उत्तर आहे आणि ते आपल्या नेहमीच्या समजुतीपेक्षा बरेच वेगळे आहे. ते नीट उमगले, तर रोजच्या अभ्यासात लक्ष कशाकडे द्यायचे हेच बदलते, असा माझा अनुभव आहे.

अहंकार म्हणजे गर्व, ताठा, मोठेपणाची हाव असे आपण धरून चालतो. चढ्या आवाजात बोलणारा, स्वतःची टिमकी वाजवणारा माणूस अहंकारी. मृदू बोलणारा, मागच्या रांगेत बसणारा निरहंकारी. ही विभागणी वर्तनावरून केलेली आहे. योगशास्त्राला वर्तनाच्या मुळाशी काय आहे ते हवे असते. योगसूत्रांच्या चार पादांपैकी दुसऱ्या, म्हणजे साधनपादाच्या, तिसऱ्या सूत्रात पतंजली पाच क्लेश, म्हणजे दुःखाची मुळे, सांगतात: अविद्या, अस्मिता, राग (म्हणजे येथे आसक्ती), द्वेष आणि अभिनिवेश. यांतील अस्मिता हा आपल्या विषयाचा गाभा आहे. राज्याच्या किंवा भाषेच्या अभिमानासाठी आपण हा शब्द वापरतो तो अर्थ येथे बाजूला ठेवावा लागतो. सहाव्या सूत्रात तिची व्याख्या येते: ‘दृग्दर्शनशक्त्योरेकात्मतेवास्मिता’. पाहणारा वेगळा आणि ज्याच्या साहाय्याने पाहिले जाते ते साधन वेगळे. या दोन शक्ती जणू एकच आहेत असे भासणे म्हणजे अस्मिता. पाहणारा म्हणजे पुरुष, केवळ चैतन्य. साधन म्हणजे बुद्धी, जी प्रकृतीचा, म्हणजे जड सृष्टीच्या मूळ तत्त्वाचा, भाग आहे, जी बदलते, थकते, शिकते आणि विसरते. बुद्धीत विचार उमटतो आणि ‘हा विचार माझा’ असे वाटते. बुद्धीत दुःखाची लाट येते आणि ‘मी दुःखी आहे’ असे वाटते. पाहणाऱ्याच्या बाबतीत यांतले काहीच घडलेले नसते.

या व्याख्येत गर्वाचा उल्लेखही नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गर्व हा अस्मितेच्या अनेक परिणामांपैकी एक आहे आणि तोही सहज दिसून येणारा असल्यामुळे त्यातल्या त्यात सोपा. पाचव्या सूत्रावरील भाष्यात व्यासांनी एक जुने वचन उद्धृत केले आहे. त्याचा भाव असा की, व्यक्त किंवा अव्यक्त पदार्थाला माणूस आपला आत्माच मानून बसतो, त्याची भरभराट झाली की आपलीच भरभराट झाली म्हणून आनंदतो आणि त्याची हानी झाली की आपलीच हानी झाली म्हणून शोक करतो. हे वचन वाचताना आपल्या घरांतली दहावीच्या निकालाची सकाळ आठवावी. गुण मुलाचे असतात, पण मान वर होते किंवा खाली जाते ती आईवडिलांची. नव्या इमारतीतील सदनिका, गावाकडची जमीन, संस्थेतील पद, आपल्या जातीतला कोणी मोठा झालेला माणूस, आपला आवडता गायक, एवढेच काय पण आपण ज्यांच्याकडे शिकतो ते गुरू, हे सगळे ‘मी’च्या आवारात येऊन बसते आणि त्यांच्यावर कोणी टीका केली तर ती आपल्यालाच बोचते.

याच न्यायाने स्वतःला सतत कमी लेखणारा माणूसही अस्मितेच्याच पकडीत असतो. ‘मला काही जमत नाही’, ‘माझ्यासारख्या सामान्य माणसाने काय बोलावे’ हे उद्गार नम्रतेचे वाटतात, पण त्यांतही सगळा वेळ केंद्रस्थानी ‘मी’च असतो, फरक एवढाच की भरभराटीच्या आनंदाऐवजी हानीचा शोक चालू असतो. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की, अहंकाराचा आश्रय घेऊन ‘मी लढणार नाही’ असे जे तू मानतोस, तो तुझा निश्चय व्यर्थ आहे. धनुष्य खाली ठेवून बसलेला, रडवेला, माघार घेऊ पाहणारा अर्जुन आपल्याला अहंकारी वाटत नाही. गीतेला मात्र त्या माघारीतही कर्तेपणाचा दावा दिसतो, आणि तिसऱ्या अध्यायातील ‘अहंकारविमूढात्मा कर्ताहमिति मन्यते’ या वचनाशी तो अगदी जुळतो. कर्म करण्यात जसा ‘मी’ असतो तसा कर्म नाकारण्यातही असू शकतो.

मग हा ‘मी’ समूळ नको असलेलीच गोष्ट आहे का? येथे सांख्यदर्शनाची मदत घ्यावी लागते, कारण योगाची सगळी तात्त्विक बैठक सांख्याची आहे. सांख्याच्या पंचवीस तत्त्वांमध्ये प्रकृतीपासून महत् म्हणजे बुद्धी, बुद्धीपासून अहंकार आणि अहंकारापासून मन, इंद्रिये व तन्मात्रा म्हणजे सूक्ष्म भूते असा क्रम आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत चोविसाव्या कारिकेत ‘अभिमानोऽहंकारः’ अशी दोन शब्दांची व्याख्या आहे. तिच्यावर लिहिताना टीकाकार वाचस्पती मिश्र हा अभिमान कसा बोलतो ते उलगडून सांगतात: जे मी पाहिले आणि ज्याचा विचार केला त्यावर माझा अधिकार आहे, ते करण्यास मी समर्थ आहे, हे विषय माझ्यासाठीच आहेत, माझ्यावाचून येथे दुसरा कोणी अधिकारी नाही. यांतील पहिली दोन वाक्ये नसतील तर माणूस हाक मारल्यावर ओ देणार नाही, भूक लागल्यावर ताटावर बसणार नाही आणि रस्ता ओलांडताना गाडी आली तर बाजूलाही होणार नाही. अहंकार हे अंतःकरणाचे एक काम आहे, आलेल्या अनुभवाला मालकाचे नाव लावण्याचे. साधनपादाच्या एकोणिसाव्या सूत्रावरील भाष्यात व्यासांनीही ‘अस्मितामात्र’ हे सृष्टीच्या घडणीतील एक तत्त्व म्हणून मोजले आहे. क्लेश सुरू होतो तो वाचस्पतींच्या शेवटच्या दोन वाक्यांपाशी: हे सगळे माझ्यासाठीच आहे आणि येथे दुसरा कोणी नाही.

पाश्चात्त्य मानसशास्त्रातील ‘इगो’ हा शब्द आता मराठीत सर्रास रुळला आहे, म्हणून त्याविषयी थोडे सांगते. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ साली मनाची जी त्रिस्तरीय रचना मांडली, तिच्यातील इगो हा आदिम प्रेरणा, नैतिक धाक आणि बाहेरचे वास्तव यांच्यात मध्यस्थी करणारा घटक आहे. तो बळकट असणे हे मानसिक आरोग्याचे लक्षण मानले जाते. योगाचा आणि या विचाराचा मला विरोध दिसत नाही. ज्याचे मन विस्कटले आहे, ज्याला स्वतःच्या असण्याचीच खात्री वाटत नाही, त्याला ‘मी’ सोडण्याचा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. त्याला आधी वैद्यकीय मदत आणि माणसांचा आधार हवा. योगाची वाट चित्त काही प्रमाणात स्थिर झाल्यानंतर सुरू होते आणि ती फ्रॉइड जेथे थांबतात त्याच्या पुढचा प्रश्न विचारते: हा मध्यस्थ ज्याला दिसतो, तो कोण?

साधनपादाच्या चौथ्या सूत्रात क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न आणि उदार. स्वतःकडे पाहण्यासाठी याहून उपयुक्त साधन मला आजवर सापडलेले नाही. उदार म्हणजे पूर्ण जोमाने प्रकट झालेला. त्याच्याविषयी सांगण्याची गरज नाही, तो सगळ्यांना दिसतो. प्रसुप्त म्हणजे बीजरूपाने निजलेला. अनुकूल प्रसंग समोर आला की तो जागा होतो, आणि प्रसंगच आलेला नसल्यामुळे आपण त्यातून मुक्त झालो आहोत अशी आपली समजूत होते. ज्याच्या हाती कधी अधिकार आलाच नाही, त्याला आपल्याला अधिकाराचा मोह नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. तनु म्हणजे अभ्यासाने क्षीण केलेला.

विच्छिन्न ही अवस्था मात्र फसवी आहे. एक क्लेश दुसऱ्या क्लेशामुळे तात्पुरता दबलेला असतो किंवा एका ठिकाणी दिसेनासा होऊन दुसऱ्या ठिकाणी वाहत असतो. व्यास उदाहरण देतात की, चैत्र नावाचा माणूस एका स्त्रीवर अनुरक्त आहे म्हणून इतर स्त्रियांविषयी तो विरक्त झाला असे होत नाही. अस्मितेलाही हे तंतोतंत लागू पडते. कार्यालयात वरिष्ठांपुढे अदबीने वागणारा माणूस घरी आल्यावर पाण्याचा पेला जागेवर मिळाला नाही म्हणून संतापतो. मंदिरात रांगेत निमूट उभी राहणारी व्यक्ती सोसायटीच्या सभेत एका शब्दाचीही माघार घेत नाही. अशा वेळी आपण ‘तो तेथे किती नम्र असतो’ म्हणून आश्चर्य करतो. शास्त्राला त्यात आश्चर्य वाटत नाही, कारण तेथे नम्रता नव्हतीच; प्रवाहाने फक्त वाट बदलली होती.

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे येते. महाराष्ट्रात आधुनिक योगाची मोठी परंपरा आहे. मुंबईत श्रीयोगेंद्र यांनी १९१८ साली योग संस्था काढली, स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू करून योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासला, आणि पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी अनेक दशके शिकवून १९७५ साली स्वतःची संस्था उभी केली. या परंपरेने योग मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचवला, हे तिचे मोठे ऋण आहे. पण घराघरात पोहोचला तो मुख्यतः शरीराच्या आरोग्याचा योग. पाठदुखी, मधुमेह, रक्तदाब यांच्यासाठी आपण वर्गात जातो आणि त्यात काही गैर नाही. क्लेशांचा विषय मात्र ‘तत्त्वज्ञान’ या नावाखाली बाजूला पडतो, जणू काही तो आसनाच्या वेळी हजरच नसतो.

खरे तर तो सर्वांत आधी हजर असतो. उत्थित त्रिकोणासनात खालचा हात जमिनीला टेकवायचा म्हणून आपण बरगड्या आकसतो, कंबर पुढे ढकलतो, गुडघा वळू देतो. हात टेकतो आणि आसन हरवते. पश्चिमोत्तानासनात कपाळ पायांवर पोहोचले पाहिजे म्हणून पाठीची कमान केली जाते आणि श्वास अडकतो. अशा वेळी शिक्षक लाकडी ब्रिक किंवा पट्टा आणून देतात. तो घेताना चेहऱ्यावर जी किंचित नाराजी उमटते, ती पाहण्यासारखी असते, विशेषतः स्वतःच्या चेहऱ्यावरची. शरीराला आधार मिळालेला असतो, श्वास मोकळा झालेला असतो, पाठीचा कणा लांब झालेला असतो. तक्रार करणारे जे काही उरते, त्याचा शरीराशी संबंध नसतो. अस्मिता इतक्या स्वच्छपणे वेगळी काढून दाखवणारा दुसरा प्रसंग मला माहीत नाही. अय्यंगार यांनी आसनांसाठी साधनांचा जो विस्तृत वापर रूढ केला, त्याचे कौतुक सहसा वृद्ध आणि आजारी यांच्या सोयीपुरते केले जाते. मला त्यात क्लेशांवरचे एक थेट औषधही दिसते. व्यासांनी आसनांची जी यादी दिली आहे, तिच्यात पद्मासन, वीरासन यांच्या पंक्तीला ‘सोपाश्रय’ म्हणजे आधार घेऊन बसणे आणि ‘यथासुख’ म्हणजे ज्याला जसे सुखावह होईल तसे बसणे, ही नावेही आहेत. आधार घेणे ही तडजोड आहे अशी कल्पना भाष्यकाराच्या मनात नव्हती.

पतंजलींनी आसनासाठी तीनच सूत्रे खर्च केली आहेत. पहिल्यात आसन स्थिर आणि सुखद असावे असे सांगितले, तिसऱ्यात त्यामुळे द्वंद्वांचा आघात होत नाही असे फळ सांगितले, आणि मधल्या सूत्रात उपाय दिला: ‘प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्’. प्रयत्न शिथिल करणे आणि चित्त अनंताशी एकरूप करणे. शैथिल्याचा अर्थ आळस असा घेतला तर सूत्र निरर्थक होते, कारण प्रयत्नच केला नाही तर शिथिल काय करणार? आधी पाय रोवावे लागतात, मांड्या उचलाव्या लागतात, कणा ताठ करावा लागतो. त्यानंतर त्या प्रयत्नातील जो भाग आसनासाठी नसून ‘मी करत आहे’ या दाव्यासाठी चाललेला असतो, तो ढिला करायचा असतो. जबडा आवळलेला असतो, डोळे ताणलेले असतात, जिभेचे मूळ घट्ट झालेले असते. या कशानेही त्रिकोणासन सुधारत नाही. माझ्या अनुभवात हा दावा आधी चेहऱ्यावर येतो, म्हणून प्रत्येक आसनात मी चेहरा तपासते. शेजारच्या सतरंजीवर नजर गेली, तर तेथे काय पाहिले हेही तपासते. पहिल्या पादातील तेहेतिसाव्या सूत्रात दुसऱ्याच्या पुण्याविषयी मुदिता बाळगावी असे सांगितले आहे. शेजारच्या व्यक्तीचे आसन आपल्यापेक्षा सुंदर झालेले असताना खरोखर आनंद होतो का, ही मुदितेची परीक्षा वर्गात रोज घेता येते.

प्राणायामात अडचण सूक्ष्म होते. पूरक, रेचक आणि कुंभक, म्हणजे श्वास घेणे, सोडणे आणि रोखणे, यांचे देश, काल आणि संख्येने निरीक्षण करावे असे सूत्रच सांगते, त्यामुळे मोजणे टाळता येत नाही. परंतु मोजलेला आकडा श्वासाचे वर्णन न राहता स्वतःचे वर्णन होऊ लागला, की कुंभक लांबवण्याची ईर्षा सुरू होते आणि मज्जासंस्थेवर ताण पडतो. म्हणून जाणते शिक्षक प्राणायाम शिकवताना घाई करू देत नाहीत.

ध्यानात तर मालकी सांगणारा सर्वांत शेवटी येतो. काही क्षण चित्त खरोखर शांत झालेले असते, त्या क्षणांत कोणताही दावा नसतो, आणि लगेच मागून विचार उमटतो: आज माझे ध्यान छान लागले. जे घडले त्यात ‘माझे’ असे काही नव्हते, तरी त्यावर नाव लावले जाते. पतंजली समाधीचे वर्णन ‘स्वरूपशून्यमिव’ असे करतात. म्हणजे ध्येय विषय तेवढा उजळून राहतो आणि ध्यान करणारी वृत्ती जणू उरतच नाही. तेथवर पोहोचलेल्यांची गोष्ट वेगळी. आपल्यासारख्यांनी निदान नाव लावण्याची ती क्रिया घडताना पाहावी, एवढे शक्य असते. तिला दामटण्याची गरज नाही. ती दिसली, हेच त्या दिवसाचे काम झाले.

आणि येथेच मला ज्ञानेश्वरीतील एका ओवीची आठवण होते. नेवाशात १२९० साली सांगितलेल्या या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात क्षेत्राची तत्त्वे समजावून सांगताना ज्ञानेश्वर महाराज अहंकारापाशी येतात आणि म्हणतात:

नवल अहंकाराची गोठी । विशेषें न लगे अज्ञानापाठीं ।
सज्ञानाचे झोंबे कंठीं । नाना संकटीं नाचवी ॥

अज्ञानी माणसाच्या मागे हा फारसा लागत नाही. जाणत्याच्या गळ्याशी मात्र झोंबतो. ज्याने थोडे वाचले आहे, थोडी साधना केली आहे, त्याच्याजवळ अहंकाराला बसायला जागा अधिक चांगली असते. आपण पहाटे उठतो आणि बाकीचे झोपलेले असतात, आपण सात्त्विक खातो आणि बाकीचे काहीही खातात, आपल्याला सूत्रे ठाऊक आहेत आणि बाकीच्यांना नुसते व्यायामप्रकार. ही भावना अहंकार म्हणून ओळखूही येत नाही, कारण तिचा वेष साधनेचा असतो. पतंजलींनाही हे ठाऊक होते. विभूतिपादात ते सांगतात की, उच्च स्थानांवरील देवतांनी साधकाला आदराने आमंत्रण दिले, तरी त्याने आसक्ती आणि ‘स्मय’ म्हणजे अभिमान धरू नये, कारण त्यातून पुन्हा अनिष्ट ओढवते. आज देवता आमंत्रण देत नसतील, पण आसनाच्या छायाचित्राखाली जमा होणारी वाहवा आणि ‘गुरुजी’ म्हणून वाकणारी माणसे असतात. शिकवणाऱ्यांसाठी ही ओवी आणि हे सूत्र दोन्ही रोज वाचण्यासारखी आहेत, असे मला मनापासून वाटते.

अस्मिता किती वरपर्यंत सोबत करते, हे पहिल्या पादातील सतराव्या सूत्रावरून कळते. संप्रज्ञात, म्हणजे आलंबन असलेल्या, समाधीचे जे चार टप्पे तेथे सांगितले आहेत, वितर्क, विचार, आनंद आणि अस्मिता, त्यांतील शेवटचा टप्पाच अस्मितेचा आहे. विषय गळाले, आनंदही मागे पडला, आणि केवळ ‘आहे’ एवढी जाणीव उरली. इतक्या वर गेलेल्या साधकापाशीही ‘मी’चा हा शुद्ध अंश असतो, मग आठवड्यातून काही तास वर्गात जाणाऱ्यांनी आपण निरहंकारी झालो असे समजण्याचे कारण नाही.

म्हणूनच पतंजली क्लेशांचा वध करायला सांगत नाहीत. साधनपादाच्या आरंभी तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान हा क्रियायोग सांगून त्याचे प्रयोजन ते ‘क्लेशतनूकरण’ असे देतात: क्लेश पातळ करणे. तप म्हणजे आवडीनिवडीच्या पलीकडे जाऊन नेमाने करणे; मन लागो वा न लागो, सतरंजी अंथरली जाते, आणि ‘मला आज वाटत नाही’ या वाक्याचा अधिकार हळूहळू कमी होतो. स्वाध्याय म्हणजे व्यासांच्या मते प्रणव म्हणजे ॐकार इत्यादी पवित्र मंत्रांचा जप किंवा मोक्षशास्त्रांचे अध्ययन; त्यातून आपल्या अनुभवाला आपल्याहून जुने आणि मोठे परिमाण मिळते, आणि जे दुःख आपले एकट्याचे वाटत होते ते शास्त्रात आधीच वर्णिलेले सापडते. ईश्वरप्रणिधानाकडे मी शेवटी येणार आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. ‘अहंकार सोड’ हा उपदेश आपल्याकडे बहुतेक वेळा वरून खाली जातो. सासरी अपमान गिळणाऱ्या मुलीला, हक्काची रजा मागणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला, गुरूच्या वागण्याविषयी प्रश्न विचारणाऱ्या शिष्याला तो ऐकवला जातो. योगसूत्रांत याला आधार नाही. क्लेशांचे सगळे निदान साधकाने स्वतःचे करायचे आहे. दुसऱ्याच्या संदर्भात सूत्रे मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा देतात, आणि अष्टांगांची सुरुवात तर अहिंसा व सत्य यांनी होते. अन्यायाला विरोध करणाऱ्या माणसाच्या मनात अस्मिता असेलही, पण ती पाहणे हे त्याचे काम आहे, अन्याय करणाऱ्याचे नाही. जो शिक्षक शिष्याचा ‘अहंकार मोडण्यासाठी’ त्याला चारचौघांत अपमानित करतो, त्याच्या स्वतःच्या अस्मितेची अवस्था चारांपैकी कोणती आहे, हे विचारण्याचा हक्क शिष्याला आहे. या जागी मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही.

वय वाढू लागले की अभ्यासाचा आणखी एक पैलू समोर येतो. पूर्वी सहज होणारे शीर्षासन डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद करावे लागते, मांडी घालून बसताना गुडघ्याखाली घडी केलेले ब्लँकेट लागते, उभ्या आसनांसाठी भिंत किंवा खुर्ची लागते. पाच क्लेशांतील शेवटचा अभिनिवेश, म्हणजे जगण्याला चिकटून राहणे, विद्वानालाही तितकाच रूढ असतो असे पतंजली म्हणतात, आणि या वयात अस्मिता व अभिनिवेश यांची गाठ किती घट्ट आहे ते कळते. शरीर जे गमावते ते ‘मी’ गमावल्यासारखे वाटते. आमच्या वर्गातील काही ज्येष्ठ साधक या टप्प्यावर अभ्यास सोडून देतात, कारण पूर्वीसारखे होत नसेल तर करायचेच कशाला, असे त्यांना वाटते. काही जण मात्र त्याच खुर्चीवर, त्याच भिंतीशी, पूर्वीपेक्षा अधिक एकाग्र होतात. प्रयत्नशैथिल्य हे सूत्र तरुणपणी समजावून घ्यावे लागते. उतारवयात शरीरच ते शिकवू लागते, शिकायची तयारी असेल तर.

ईश्वरप्रणिधानाचा प्रश्न आमच्या अभ्यासगटात एका निरीश्वरवादी सदस्यांनी उपस्थित केला. ज्याची ईश्वरावर श्रद्धा नाही त्याने अस्मिता पातळ करण्याचा हा तिसरा मार्ग कसा अनुसरावा, असे त्यांनी विचारले. उत्तर भाष्यातच आहे. व्यासांनी प्रणिधानाचे दोन अर्थ दिले आहेत: सर्व क्रिया परमगुरूला अर्पण करणे, किंवा त्या क्रियांच्या फळाचा त्याग करणे. श्रद्धाळूने पहिला घ्यावा, ज्याला तो घेता येत नाही त्याला दुसरा मोकळा आहे, आणि दोन्हींत ‘हे माझे’ ही मोहर क्रियेवरून पुसली जाते. त्यावर त्यांनी लगेच पुढचा प्रश्न केला: फळ सोडणाऱ्यालाही ‘मी फळ सोडले’ असे वाटणारच, त्याचे काय करायचे?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. साधनपादाच्या अकराव्या सूत्रावर व्यास लिहितात की, वस्त्राचा ढोबळ मळ आधी झटकून जातो आणि सूक्ष्म मळ मागाहून, यत्नाने आणि उपायाने काढावा लागतो. तसेच क्लेशांच्या स्थूल वृत्तींना छोटा प्रतिपक्ष पुरतो, सूक्ष्मांना मोठा लागतो. स्थूल वृत्ती क्रियायोगाने आणि ध्यानाने पातळ होतात. ‘मी सोडले’ हा जो शेवटचा सूक्ष्म दावा आहे, त्याच्याविषयी दहावे सूत्र सांगते की, तो चित्त आपल्या मूळ कारणात परत मिळते तेव्हाच जातो, आधी नाही. सांख्यकारिकाही ‘नास्मि, न मे, नाहम्’, म्हणजे मी नाही, माझे काही नाही, कर्ता मी नाही, हे निःशेष ज्ञान तत्त्वांच्या दीर्घ अभ्यासानंतर होते असे म्हणते; ते ज्ञान कोणाला सांगून किंवा ठरवून होत नाही. आमच्या त्या सदस्यांना हे उत्तर पटले, पण पुरले नाही, आणि त्यांनी पुढच्या बैठकीसाठी चौथ्या पादातील विवेकख्यातीची, म्हणजे पुरुष आणि बुद्धी यांच्यातील भेद जाणणाऱ्या ज्ञानाची, सूत्रे काढून ठेवली आहेत.